योकिच मुलाखतीत असा का बोलतो?

रिबाउंड

परवा एका मित्राशी चांगलंच वाजलं, म्हणून हा धागा काढतोय.

12 जून 2023ची रात्र आठवा. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेत डेन्व्हर नगेट्सनी मायामी हीटला 4-1 हरवलं. 47 हंगाम वाट पाहून मिळालेलं पहिलं विजेतेपद! कागदाचे तुकडे वरून पडतायत, माणसं ओरडतायत, रडतायत. आणि ज्याच्या जिवावर हे सगळं झालं त्या सर्बियाच्या निकोला योकिचसमोर माइक आला, तर हा म्हणतो, काम झालं, आता घरी जाऊ या. पुढे पत्रकार परिषदेत त्याला कळलं की विजययात्रा गुरुवारी आहे. त्याने बाजूला बघून खात्री करून घेतली, गुरुवारी? मग चेहरा पडला. नाही, मला घरी जायचंय. परीक्षा संपल्यावर कुणी अजून एक पेपर आहे असं सांगावं तसा तो चेहरा.

मी खूप हसलो आणि मला तो माणूस फार आवडला. मित्र मात्र चिडला. म्हणाला, लोकांनी जन्मभर वाट पाहिली आणि याला दोन शब्द धड बोलता येत नाहीत. याला खेळात रस नाही, फक्त गावाकडच्या घोड्यांत आहे. त्यानंतर प्रत्येक मुलाखतीला तो हेच म्हणतो: बघ, आला तोंड पाडून.

मला वाटतं मित्र चुकतोय, पण का चुकतोय ते नीट मांडता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

कोपरा_तीन

रुमाल टाकून ठेवतो. सामना बघून येतो.

केतकी

मला त्याच्या मुलाखती मनापासून आवडतात. त्याचं कौतुक केलं की तो लगेच ते दुसऱ्याच्या पदरात टाकतो. संघातल्या मरेने चांगला कट मारला, गॉर्डनने जागा केली, वगैरे. तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झालेला माणूस (2021, 2022, 2024) आणि स्वतःविषयी बोलायची वेळ आली की खुर्चीत चुळबुळ करतो. यात रस नसल्याची खूण कुठे आहे? मला तर ते चांगलं वळण वाटतं.

पिव्होट

आधी एक ठरवा, जोकिक की योकिच? समालोचक काय वाटेल ते म्हणतात.

अनुस्वार

@पिव्होट, योकिच. सर्बियन भाषेत त्या अक्षराचा उच्चार य. आणि शेवटचा च 'चिमणी'तला, 'चमचा'तला नाही. मराठी माणसाला हा फरक न शिकवता येतो, त्यामुळे आपण समालोचकांपेक्षा बरं बोलू शकतो.

पिव्होट

चिमणीतला च! आता विसरणार नाही.

बाकावरचा

मी रिबाउंड यांच्या मित्राच्या बाजूने. रागावू नका, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

माध्यमांशी बोलणं हा एनबीएत कामाचाच भाग आहे. डिसेंबर 2020मध्ये कायरी अर्व्हिंग पत्रकारांशी बोलायला आला नाही तर लीगने त्याला 25,000 डॉलर दंड केला होता. खेळाडूला जे करोडो डॉलर मिळतात ते प्रेक्षक आहेत म्हणून. त्या प्रेक्षकाला विजयाच्या रात्री एक ऊबदार वाक्य हवं असेल तर ती काही मोठी मागणी नाही.

आणि भूक बोलण्यात दिसते हो. 2009च्या फायनलमध्ये लेकर्स ऑरलँडोविरुद्ध 2-0 पुढे होते आणि त्यांच्या कोबी ब्रायंटच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पत्रकाराने विचारलं, खूश का दिसत नाहीस? तो म्हणाला, खूश व्हायचं कशासाठी, काम संपलेलं नाही. ते ऐकून अंगावर काटा येतो. योकिचचं ऐकून येतो का?

रिबाउंड

@बाकावरचा, थांबा थांबा. कोबी म्हणाला काम संपलेलं नाही. योकिच म्हणाला काम संपलं. शब्द तोच आहे! एकाचं वाक्य लोक भिंतीवर लावतात आणि दुसऱ्याला त्याच शब्दावरून आळशी म्हणतात. मालिका संपली नव्हती म्हणून कोबी हसला नाही, संपली म्हणून योकिच घरी निघाला. मला तरी दोन्हींत एकच निष्ठा दिसते.

हे मला मित्राशी भांडताना सुचायला हवं होतं.

अनुस्वार

रिबाउंड, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. मी पोटापाण्यासाठी भाषांतर करते, त्यामुळे मला या वाक्याची वेगळी बाजू दिसते.

सर्बियनमध्ये 'पोसाओ' असा शब्द आहे. नोकरी, धंदा, हातातलं काम, पार पाडायची जबाबदारी, सगळ्याला तोच. आपल्या 'काम'सारखा ऐसपैस. इंग्रजीत त्याचा 'जॉब' झाला की त्याला लगेच कार्ड पंच करून निघाल्याचा वास येतो. आता तेच वाक्य मराठीत म्हणून बघा: काम झालं, आता घरी जाऊ. यात कोरडेपणा आहे का? मला तर यात दिवसभर राबून हातपाय धुवायला निघालेला माणूस दिसतो. मुलीचं लग्न सुखरूप पार पडल्यावर बाप मांडवात जे म्हणतो ते हेच की!

सर्बियनमध्ये 'अ' आणि 'द' ही उपपदं नाहीत, आपल्याकडेही नाहीत. म्हणून घाईत बोलताना ती त्याच्या तोंडून गळतात किंवा भलतीकडे लागतात. इंग्रजी कानाला ते तुटक लागतं आणि ऐकणारा ठरवून टाकतो की माणूसच तुटक आहे. परक्या भाषेत बोलताना सगळ्यात आधी झालर जाते. 'म्हणजे कसं, मला मनापासून वाटतं की' हे सगळं गळून पडतं, उरतो तो मुद्दा. मी स्वतः इंग्रजी बैठकीत तीन वाक्यांत आटपते. कचेरीत काही वर्षं माझ्याबद्दल 'फार शिष्ट आहे' असं मत होतं. एकदा मराठी बोलणाऱ्या सहकाऱ्यांसोबत तासभर प्रवास झाला, तेव्हा त्यातली एक जण म्हणाली, अगं, तू एवढी बोलतेस?

केतकी

मांडवातला बाप! अनुस्वारताई, हे वाचून डोळे भरून आले.

त्रिज्या

भाषेचा मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. यानिस आंतेतोकुंपोचं काय? अथेन्समध्ये नायजेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मला, ग्रीक बोलत वाढला. इंग्रजी त्याचीही घरची भाषा नाही. तरी तो बोलायला लागला की थांबत नाही, विनोद करतो, गोष्टी सांगतो. तेव्हा भाषेइतकाच स्वभावही आहे.

2023च्या एप्रिलमधलं त्याचं उत्तर तर पाठ आहे मला. त्याचा संघ मिलवॉकी बक्स पहिल्या मानांकनावर, आठव्या मानांकनाच्या मायामीकडून पहिल्याच फेरीत 4-1 बाहेर. विचारलं गेलं, हा हंगाम अपयशी म्हणायचा का? त्याने पत्रकारालाच उलट विचारलं, तुम्हाला दरवर्षी बढती मिळते का? नाही ना? मग दरवर्षी तुमचं काम अपयशी का? मायकल जॉर्डन 15 वर्षं खेळला, सहा विजेतेपदं जिंकला, मग उरलेली नऊ वर्षं अपयशच का? मी तेव्हा एका परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन बसलो होतो. ते दोन मिनिटांचं उत्तर मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकलं याची गणती नाही.

बाकावरचा

त्रिज्या, तुमच्या परीक्षेबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि त्या उत्तराने तुम्हाला बळ दिलं याचा आनंदच आहे. पण खेळाच्या अंगाने मला ते पटत नाही. त्या शेवटच्या सामन्यात यानिसने 23 फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक) घेतले आणि 10च आत गेले. सामना ओव्हरटाइममध्ये गेला होता! पहिल्या मानांकनाचा संघ पहिल्या फेरीत गारद झाला तर तो हंगाम फसला. तसं म्हणण्यात अपमान नाही. प्रश्न रास्त होता, विचारला तोही सभ्यपणे.

त्रिज्या

प्रश्न रास्त होता हे मान्य. पण पाठदुखीमुळे तो त्या मालिकेत दोन सामने खेळू शकला नव्हता हेही धरा की.

शाईचा_डाग

या क्षेत्रात काही वर्षं काढली आहेत, क्रीडा पानावर. म्हणून थोडं आतलं सांगतो.

यानिसचं ते उत्तर नीट पाहिलंत तर तो आधी मान खाली घालतो, उसासा टाकतो आणि म्हणतो, गेल्या वर्षीही तुम्ही मला हेच विचारलं होतं. म्हणजे दोघांची जुनी ओळख आहे, रोजचा संबंध आहे. उत्तराच्या अखेरीला तो पत्रकाराला सांगतोही की हे व्यक्तिगत घेऊ नका. कापलेल्या तुकड्यात हे काहीच राहत नाही. राहतो तो चिडलेला खेळाडू आणि खलनायक झालेला पत्रकार.

मी स्वतः असले तुकडे पाडलेत. रात्री उशिरा ध्वनिमुद्रण कानाला लावायचं, चारशे शब्दांच्या बोलण्यातले चाळीस निवडायचे. 'अं' काढायचा, अडखळणं काढायचं, अर्धवट सोडून दिलेलं वाक्य काढायचं. एकदा एक खेळाडू प्रश्न ऐकून तब्बल अकरा सेकंद गप्प होता. मी काट्याकडे बघून मोजले होते. त्याला काय म्हणायचं होतं ते त्या अकरा सेकंदांत होतं, नंतर बोलला ते नुसतं रीतीचं. छापून आलं ते रीतीचं. गप्प बसणं छापायचं कसं, हे मला कधी जमलं नाही आणि त्याची रुखरुख अजून आहे.

तेव्हा मुलाखतीवरून माणूस ओळखायचा असेल तर आधी अख्खी मुलाखत बघा, एवढीच विनंती.

केतकी

शाईचा_डाग, तुमचं वाचून ॲलन आयव्हर्सन आठवला. मे 2002. 'प्रॅक्टिस' शब्द वीसहून जास्त वेळा म्हणाला ती पत्रकार परिषद. आपण सगळे तो तुकडा बघून हसलोय. मीही. नंतर पूर्ण परिषद पाहिली. ऑक्टोबर 2001मध्ये त्याच्या जिवलग मित्राचा गोळी लागून मृत्यू झाला होता, आणि त्याच परिषदेत तो म्हणतो की माझा मित्र गेलाय, आम्ही हरलोय, आणि आपण इथे सरावाबद्दल बोलतोय. ते ऐकल्यानंतर मला तो तुकडा हसत बघता आलेला नाही.

पिव्होट

हे मला माहीतच नव्हतं. वीस वर्षं तो शब्द मी टिंगलीसाठी वापरतोय. आजपासून बंद.

दहा_नंबर

बरेच दिवस इथे नुसता वाचतो, आज लिहितो.

मी अडखळत बोलतो. लहानपणापासून. 'क' आणि 'प'ने सुरू होणारे शब्द आडवे येतात, आणि माझं नावच त्यातल्या एकाने सुरू होतं. कॉलेजच्या संघाचा कप्तान होतो. एका स्पर्धेत जिंकल्यावर माइक हातात दिला गेला. ओठ मिटलेले, श्वास वर अडकलेला, आणि समोर सगळे हसऱ्या चेहऱ्याने वाट बघतायत. मी माइक उपकप्तानाच्या हातात दिला आणि पाणी प्यायला निघून गेलो. दुसऱ्या दिवशी एका छोट्या बातमीत आलं की विजयी कप्तानाने बोलण्याचं सौजन्य दाखवलं नाही. आईने ते कात्रण मला न दाखवता ठेवून दिलं होतं, खूप नंतर सापडलं.

माझं टोपणनाव दहा_नंबर आहे ते बॉब लव्हमुळे. शिकागो बुल्सचा फॉरवर्ड, तीनदा ऑल-स्टार, 1970च्या दशकात बुल्सचा हुकमी स्कोअरर. तो इतका अडखळायचा की मुलाखत देणं त्याला जवळजवळ अशक्य होतं, त्यामुळे पत्रकार दुसऱ्या खेळाडूंकडे वळायचे. निवृत्तीनंतर पाठीच्या दुखण्याने हैराण, नोकरी मिळेना. शेवटी 1980च्या दशकात सिॲटलमधल्या एका दुकानाच्या रेस्टॉरंटमध्ये टेबलं पुसायचं आणि भांडी उचलायचं काम धरलं. गिऱ्हाइकं कुजबुजायची, हा तो बॉब लव्ह ना? त्याचं काम बघून मालकांनी वाचा-उपचाराचा खर्च उचलला. पस्तिशी-चाळिशी ओलांडलेला माणूस अक्षर अक्षर बोलायला शिकला. मग बुल्सनेच त्याला परत बोलावलं, समाजसंपर्काचं काम दिलं आणि तो शाळाशाळांतून भाषणं देत फिरला! 1994मध्ये त्याची 10 नंबरची जर्सी बुल्सने निवृत्त केली. 18 नोव्हेंबर 2024ला तो गेला, 81 वर्षांचा होता.

मायकल किड-गिलख्रिस्ट तर आपल्याच काळातला. 2012च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) दुसरा निवडला गेला, तोही अडखळतो. खेळ सोडल्यावर त्याने अडखळणाऱ्यांना उपचार मिळावेत म्हणून संस्था काढली.

योकिचला हा त्रास नाही, मला ठाऊक आहे. मी एवढंच म्हणतोय की खेळाडू कमी बोलला की त्यामागे काय आहे ते आपल्याला घरी बसून कळत नाही. बाकावरचा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही सभ्यपणे लिहिलंत म्हणूनच मी लिहू शकलो.

अनुस्वार

दहा_नंबर, लिहिलंत हे फार बरं केलंत. पुढेही लिहीत राहा.

त्रिज्या

बॉब लव्हची गोष्ट पहिल्यांदाच कळली. आज धाकट्या भावाला सांगणार आहे.

बाकावरचा

दहा_नंबर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बोलण्याचं 'सौजन्य' हा शब्द मीही सहज वापरला असता. त्या बातमीदाराच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं, हे मला खुपतंय.

एक कबुली देतो. 2018च्या सप्टेंबरमध्ये टोरंटो रॅप्टर्सच्या पहिल्या पत्रकार परिषदेत काव्हाय लेनर्ड 'मी मजेशीर माणूस आहे' असं अगदी सपाट आवाजात म्हणाला आणि मग तो प्रसिद्ध हसला. ते हसू मी रिंगटोन म्हणून लावलं होतं. पुढच्याच जूनमध्ये त्याने टोरंटोला विजेतेपद मिळवून दिलं आणि तो पुन्हा एकदा हसला, तेव्हा मला वाटलं आपण याच्यासोबत हसतोय. खरं तर त्याच्यावर हसत होतो.

केतकी

काव्हायचे वडील जानेवारी 2008मध्ये गोळीबारात गेले. तेव्हा तो 16 वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी शाळेचा सामना होता आणि तो खेळला. सामना संपल्यावर आईला मिठी मारून रडला. त्याच्या शांतपणाबद्दल काही बोलायचं झालं की मला आधी हेच आठवतं.

अर्थात तो मुळातच अबोल असेल. सगळ्या शांत माणसांच्या मागे दुःख शोधायला नको.

कोपरा_तीन

सामना बघून आलो तर धागा कुठल्या कुठे! सावकाश वाचतो.

थोडं अवांतर: याओ मिंगला विसरू नका. 2002मध्ये पहिला निवडला गेला, सोबत दुभाषा. प्रतिस्पर्धी शकील ओनीलने त्याच्या बोलण्याची नक्कल म्हणून चिनीसारखे काहीतरी आवाज काढले. मोठा गदारोळ झाला. याओ म्हणाला, चिनी अवघडच आहे, मलाही लहानपणी शिकायला वेळ लागला. एका वाक्यात सगळा विखार काढून घेतला. पुढे दोघांचं चांगलं जमलं. आणि काँगोचा दिकेम्बे मुटोंबो! नऊ भाषा यायच्या त्या माणसाला. लोक मात्र त्याच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करण्यात रमलेले.

पिव्होट

नऊ? आणि त्याच्या इंग्रजीवर हसणाऱ्यांना किती येत असतील?

कोपरा_तीन

बहुतेकांना एकच.

शाईचा_डाग

मूळ प्रश्नाकडे येतो. रिबाउंड, तुमच्या मित्राला योकिचच्या भावना बघायच्या असतील तर माइकसमोर शोधू नका. 2022मध्ये दुसऱ्यांदा एमव्हीपी झाला तेव्हा प्रशिक्षक मलोन आणि संघातली माणसं न कळवता थेट सर्बियात गेली, सोंबोरला, त्याच्या गावी. तबेल्यात ट्रॉफी घेऊन उभी राहिली. हा घोड्याच्या दोनचाकी गाडीवर बसून फेरी मारून येतोय. समोर एवढी ओळखीची माणसं बघून गाडीवरच थिजला, उतरला आणि डोळे पुसायला लागला. मातीने माखलेले कपडे, हातात लगाम.

अनुस्वार

आणि त्या विजययात्रेचं पुढे काय झालं तेही सांगा! गुरुवारी, 15 जूनला गेलाच तो. लाखोंच्या गर्दीसमोर म्हणाला की मला थांबायचं नव्हतं, पण आता थांबायचंय, हे सगळ्यात भारी आहे. मधे एक शिवीही घातली, लोक वेडे झाले. तिथे इंग्रजी कुठे अडलं? व्याकरण तेच, माणूस तोच. समोर प्रश्न विचारणारे नव्हते, एवढाच फरक.

बाकावरचा

ते भाषण मी पाहिलं होतं आणि मघाशी लिहिताना सोयीस्कर विसरलो.

माझं मत पूर्ण बदललं असं नाही म्हणणार. जिंकल्याच्या रात्री प्रेक्षकाला काहीतरी मिळावं, हे मला अजूनही वाटतं. पण त्याने ते गुरुवारी दिलं. तीन दिवस उशिरा दिलं, इतकंच.

दहा_नंबर

तीन दिवस चालतात. मला उत्तर द्यायला कधीकधी आठवडा लागतो.

रिबाउंड

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला आधी अनुस्वार आणि दहा_नंबर यांचे प्रतिसाद पाठवले. बराच वेळ काही उत्तर नव्हतं. मग तबेल्याचा व्हिडिओ पाठवला. आत्ता त्याचा फोन येऊन गेला. म्हणाला, विजयाच्या रात्रीची पत्रकार परिषद मी फक्त तुकड्यातच पाहिली होती, पूर्ण कुठे मिळेल? उद्या संध्याकाळी माझ्याकडे येतोय, एकत्र बघणार आहोत.

शाईचा_डाग, तुमच्याकडे पूर्ण मुद्रणाचा दुवा आहे का? मला जे सापडतंय ते सगळं कापलेलं आहे.

शाईचा_डाग

आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.